कवाल : फुटलेल्या जिल्ह्याचे न फुटलेले अरण्य

स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहायला घेतला की पहिले वाक्य ठरलेले असते : अमुक साली, अमुक ठिकाणी मुहूर्तमेढ रोवली गेली. कवालच्या बाबतीत ते साल १९६५. जन्नारमजवळच्या कवाल नावाच्या खेड्यावरून त्या वर्षी अभयारण्य जाहीर झाले. वन्यजीव संरक्षण कायदा यायला तेव्हा आणखी सात वर्षे होती. उत्तर तेलंगणातल्या जुन्या अभयारण्यांपैकी हे एक. पण अरण्याची मुहूर्तमेढ कोणी रोवत नाही. सरकार हद्द आखते, आणि त्या हद्दीच्या आत आधीपासून कोण राहत होते हे विचारल्याशिवाय कवालचा इतिहास पुढे सरकत नाही. म्हणून १९६५ जरा बाजूला ठेवून आपण पंचवीस वर्षे मागे जाऊ.

जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या वाट्याला समुद्र आला नाही, काठ मात्र भरपूर आले. उत्तरेला पैनगंगा, पुढे वर्धा, पूर्वेला प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी. मधोमध सह्याद्रीच्या लांबलेल्या रांगा, सागवान आणि बांबू. या चौकटीच्या आतल्या डोंगराळ पट्ट्यात राजगोंड, कोलाम, परधान, तोटी, नायकपोड यांची गावे. बाजारात आणि कचेरीत मराठी, उर्दू, तेलुगू तिन्ही चालत. किनवट आणि राजुरा हे आज नांदेड आणि चंद्रपूर जिल्ह्यांत असलेले तालुके १९५६ पर्यंत आदिलाबादचेच होते, हे आता दोन्हीकडच्या तरुणांना सांगावे लागते. भाषावार प्रांतरचनेत ते तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. जंगल तेव्हाही एकच होते.

निजामी राजवटीत सागवानाला भाव होता आणि राखीव जंगलाला महसूल. जंगलखात्याने रेषा ओढायला सुरुवात केली तेव्हा त्या रेषा कित्येक ठिकाणी वस्त्यांच्या अंगणातून गेल्या. फिरती शेती करणाऱ्या कोलाम आणि गोंडांना ‘जंगलात घुसलेले’ ठरवणे कागदावर सोपे होते. चराईला पैसे, लाकडाला पैसे, नांगराच्या दांड्यालाही पैसे. बाबेझरी आणि जोडेघाटच्या परिसरात वस्त्या उठवण्यावरून जो संघर्ष पेटला त्याचे नेतृत्व कुमुरम भीम यांनी केले. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि त्यांचे साथीदार मारले गेले. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे, आणि दरवर्षी आश्विन पौर्णिमेला जोडेघाटला माणसे जमतात. कवालच्या सरकारी माहितीपत्रकात हे प्रकरण येत नाही. माझ्या मते इतिहासाचे पहिले पान तेच आहे, कारण अरण्य राखायचे कोणासाठी आणि कोणापासून, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा बंदुकीने सोडवला गेला आणि म्हणून सुटला नाही.

भीम यांच्या मृत्यूनंतर निजाम सरकारला जाग आली असे म्हणावे लागते. व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना आदिवासींच्या असंतोषाची कारणे शोधायला पाठवण्यात आले. त्यांनी जैनूरजवळच्या मारलवाई गावात मुक्काम ठोकला. १९४३ मध्ये तिथे गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र निघाले. गोंडी वाचनमाला देवनागरीत छापल्या गेल्या आणि मुले गोंडीवरून मराठीकडे वळली. राज्य बदलल्यावर मराठीची जागा तेलुगूने घेतली. आजही उटनूर, जैनूर भागातला एखादा वयस्क गोंड पटेल अस्खलित मराठी बोलतो, त्यामागे हा इतिहास आहे. हायमेनडॉर्फ यांच्या पत्नी बेट्टी १९८७ मध्ये हैदराबादेत वारल्या. त्यांची समाधी मारलवाईत आहे आणि गावकरी ती आपल्या माणसाची म्हणून सांभाळतात.

या कामातले दुसरे नाव मराठी वाचकांच्या ओळखीचे आहे, फक्त या संदर्भात नाही. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते सेतुमाधवराव पगडी हैदराबाद मुलकी सेवेतले अधिकारी म्हणून आदिलाबादच्या आदिवासी भागात काम करत होते. ते नुसते दौरे काढून थांबले नाहीत. गोंडी शिकले, तिचे व्याकरण लिहिले, आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले. चाळीसच्या दशकात हजारो गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले, त्या कामात या अधिकाऱ्यांच्या फळीचा मोठा हात होता. अरण्याच्या इतिहासात महसूल अधिकाऱ्याचे काय काम, असे कोणी विचारील. पट्टा मिळालेला शेतकरी डोंगर तोडत पुढे सरकत नाही. चाळीसच्या दशकात जे जंगल वाचले त्यातला काही भाग पट्ट्यांच्या कागदांनी वाचवला, असे मी धरून चाललो आहे.

आता १९६५ कडे परत येऊ. त्या काळी अभयारण्य म्हणजे मुख्यतः शिकारबंदीचा टापू. पानगळीचे, सागाचे आणि बांबूचे दाट वन, रानगवा, सांबर, चितळ, नीलगाय, चौसिंगा, अस्वल, बिबट्या, रानकुत्री. वाघाचा वावर गृहीत धरलेला. जवळपास त्याच वेळी दक्षिणेच्या कडेला कडेम प्रकल्पाचे काम पुरे होत आले होते. कडेम नदी बोथच्या पठारावर उगम पावते, नेरडीगोंडा मंडलात कुंतालाच्या धबधब्यावरून कोसळते, अरण्याच्या कडेने वाहत धरणात शिरते आणि पुढे गोदावरीला मिळते. या नदीने धरणाला कधी स्वस्थ बसू दिले नाही. १९५८ आणि १९९५ च्या पुरांत नुकसान झाले, जुलै २०२२ मध्ये तर दरवाजांच्या वरून पाणी वाहिले. अरण्याने पाणी धरून ठेवायचे आणि धरणाने ते वाटायचे, असा हा अलिखित करार आहे. वरचे डोंगर उघडे पडले तर पहिला फटका खालच्या भातशेतीला बसतो.

१९६५ नंतरच्या पंधरा वर्षांत नद्यांच्या काठांवर आणखी दोन संरक्षित टापू उभे राहिले. गोदावरीवर मगरींसाठी शिवारम, प्राणहितेच्या काठावर काळविटांसाठी १९८० मध्ये प्राणहिता अभयारण्य. कवाल, शिवारम आणि प्राणहिता यांचा एकत्र विचार करण्याची पद्धत मात्र कधी पडली नाही. प्रत्येकाचा फलक वेगळा, निधी वेगळा.

ऐंशीचे दशक या भागात वाघापेक्षा माणसांच्या रक्ताने लक्षात राहिले. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. सरकारी आकडा तेराचा. लोक तो कधीच मान्य करत नाहीत. त्यानंतर डोंगरात नक्षलवाद्यांचा वावर वाढला. संध्याकाळनंतर गस्त नावापुरती उरली, सागाची तोड रात्री आणि पंचनामा सकाळी अशी रीत पडली. या काळात जंगल वाचले की घटले यावर अजून दोन मते ऐकू येतात. एक म्हणते बंदुकीच्या धाकाने तस्कर दूर राहिले, दुसरे म्हणते वनरक्षकच दूर राहिला. मी दुसऱ्या बाजूचा. पहाऱ्याशिवाय राखलेले सागवान मी तरी कुठे पाहिले नाही. १९९९ मध्ये १९७२ च्या कायद्याखाली अभयारण्याची रीतसर अधिसूचना निघाली, म्हणजे जन्मानंतर चौतीस वर्षांनी जन्मनोंद झाली.

१० एप्रिल २०१२ रोजी कवाल व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा क्षेत्र सुमारे ८९३ चौरस किलोमीटर, बफर धरून दोन हजारांच्या वर. आता बीट, बेस कॅम्प, कॅमेरा ट्रॅप, उन्हाळ्यात टँकरने भरायचे पाणवठे, गवताची कुरणे, जन्नारमच्या रस्त्यावर रात्री जड वाहनांना मनाई, हे सगळे आले. चार वर्षांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, जिल्हाच फुटला. आदिलाबाद, मंचेरियाल, निर्मल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. कवाल चारही जिल्ह्यांत पसरलेले आहे : जन्नारम मंचेरियालात, कडेम आणि खानापूर निर्मलात, उटनूर आणि इंद्रवेल्ली आदिलाबादेत, तिर्याणी आसिफाबादेत. जुना जिल्हा ज्यांनी पाहिला त्यांच्यासाठी आज तो फक्त या अरण्याच्या नकाशात अखंड शिल्लक आहे. गंमत म्हणून सांगत नाही. चार जिल्हाधिकारी आणि चार पोलीस अधीक्षक यांच्यात एका अरण्याचा कारभार वाटला गेला की साधा गुरांच्या चराईचा तंटाही एका टेबलावर मिटत नाही.

इतके झाले, पण वाघ? इथे स्मरणिकेची गोड भाषा थांबवली पाहिजे. २०२२ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेच्या अहवालात कवालचे नाव वाघ नाहीसा झालेल्या ठिकाणांमध्ये आले. प्रकल्प होऊन दहा वर्षे झाली होती. कारण गूढ नाही. गाभ्यात गावे, गावांत हजारो गुरे, गुरांनी चरलेल्या कुरणात चितळ-सांबरांना उरते थोडे, आणि भक्ष्य थोडे तिथे वाघ मुक्काम करत नाही; वाटसरूसारखा येतो आणि निघून जातो.

वाघ येतात मात्र खरे, आणि ते महाराष्ट्रातून येतात. ताडोबा भरले आहे. दोन-अडीच वर्षांचा नर आईच्या प्रदेशातून बाहेर पडतो तेव्हा त्याला रिकामी जागा हवी असते. एक वाट राजुरा-सिरपूर मार्गे प्राणहितेच्या खोऱ्यात उतरते. त्या वाटेवर कागजनगरचे जंगल लागते आणि बरेच वाघ तिथेच थांबतात. २०१६ च्या सुमारास ‘फाल्गुना’ नावाने ओळखल्या गेलेल्या वाघिणीने तिथे चार बछडे वाढवले, तेव्हापासून कागजनगर हे वाघांचे घर झाले. कागदावरचा व्याघ्र प्रकल्प कवालात आणि वाघ त्याच्या बाहेर, अशी ही स्थिती आहे. कागजनगरपासून कवालपर्यंत यायला त्यांना बल्लारशाहचा लोहमार्ग, मंचेरियाल-चंद्रपूर महामार्ग, कालवे, सिंगरेणीच्या खाणींचा पट्टा आणि मैलोनमैल कापूस ओलांडावा लागतो.

दुसरी वाट आम्हा पैनगंगाकाठच्या मराठी माणसांच्या दारावरून जाते. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्य आहे, दीडशे चौरस किलोमीटरही न भरणारे, पण वाघांनी गजबजलेले. हिवाळ्यात पाणी उतरले की वाघ नदी ओलांडतो आणि भीमपूर, तामसी मंडलांतल्या शेतांत पावलांचे ठसे दिसतात. कापूस वेचणीचा तोच हंगाम. टिपेश्वरला २०१९ च्या फेब्रुवारीत कॉलर लावलेला एक तरुण नर आदिलाबाद, नांदेड, हिंगोली करत तीन हजार किलोमीटरांपेक्षा जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. तो कवालकडे वळला असता तर आमचा इतिहास कदाचित वेगळा लिहिला गेला असता. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ‘जॉनी’ नावाचा वाघ किनवटच्या बाजूने निघून बोथ, निर्मल आणि उटनूर भागांत हिंडला. राष्ट्रीय महामार्ग ४४ त्याने ओलांडला. किनवट १९५६ मध्ये कागदावर तुटले होते. या वाघाने ते पुन्हा आदिलाबादला जोडून दाखवले.

या वाटांवर सगळे गोड नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये दहेगाव मंडलात एक आदिवासी तरुण वाघाच्या हल्ल्यात गेला, नोव्हेंबर २०२४ मध्ये कागजनगर भागात कापूस वेचणारी एक तरुणी. जानेवारी २०२४ मध्ये दरीगावच्या जंगलात मारलेल्या जनावरावर विष टाकले गेले आणि वाघ मेले. ज्याची गाय गेली त्याला भरपाई किती दिवसांत हातात पडते, यावर पुढच्या जनावराच्या मढ्यावर विष पडणार की नाही हे ठरते. वनखात्याच्या कोणत्याही कार्यशाळेपेक्षा हा मुद्दा मला मोठा वाटतो.

एक चांगली गोष्टही याच पूर्वेच्या काठावर घडली. २०१३ मध्ये बेज्जूरच्या जंगलात नदीकाठच्या पालरापूच्या कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी सापडली. डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधामुळे देशभर गिधाडे संपत आली होती. २००६ मध्ये ते बंद झाल्यावर उरलेल्या काही जोड्यांपैकी या होत्या. तिथल्या कोलाम, गोंड तरुणांनीच त्यांची राखण केली.

गावे हलवण्याचे प्रकरण यापुढे येते. गाभ्यातली कडेम मंडलातील मैसंपेट आणि रामपूर ही दोन गावे २०२४ मध्ये नव्या ठिकाणी गेली. कुटुंबाला पंधरा लाख रुपये, नाहीतर जमीन आणि घर, असा पर्याय होता. स्थलांतर स्वेच्छेने असावे असा नियम आहे, आणि या दोन गावांत ग्रामसभांची पुष्कळ वर्षे गेली. त्या वर्षांना सरकारी अहवालात ‘दिरंगाई’ म्हणतात. मला तीच या प्रकल्पाची सर्वांत चांगली वर्षे वाटतात. जोडेघाटला ज्या पद्धतीने वस्त्या उठवल्या त्याच्या उलट पद्धत इथे वापरली गेली, आणि तिला वेळ लागला.

म्हणूनच २०२५ ची घटना समजून घ्यायला हवी. ३० मे रोजी सरकारने शासन आदेश क्रमांक ४९ काढून कवाल आणि ताडोबा यांच्या मधल्या पट्ट्यातले १,४९२ चौरस किलोमीटरहून जास्त जंगल संवर्धन राखीव म्हणून जाहीर केले आणि त्याला नाव दिले कुमुरम भीम यांचे. जंगल राखीव करण्याविरुद्ध लढून मेलेल्या माणसाचे नाव राखीव जंगलाला! वाघाच्या वाटेसाठी हा पट्टा हवा, यात शंका नाही; या लेखात वर जे लिहिले त्यावरून ते उघड आहे. पण आसिफाबाद, कागजनगर, सिरपूर भागातल्या गावांना हा आदेश वर्तमानपत्रातून कळला. तुडुम देब्बासारख्या संघटना रस्त्यावर उतरल्या, बंद झाला, आणि जुलैत सरकारने आदेशाला स्थगिती दिली. पोडू म्हणजे जंगलातल्या फिरत्या शेतीच्या जमिनीच्या पट्ट्यांचे वाटप याच आसिफाबादेतून ३० जून २०२३ रोजी सुरू झाले होते. त्याच्या दोन वर्षांनंतर त्याच माणसांना नवी हद्द दाखवली गेली.

दूर कोकणात मालवणला असेच घडले. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले, किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना न विचारता, आणि आज इतक्या वर्षांनंतरही त्या अभयारण्याचे नाव काढले की बंदरावर वातावरण तापते. प्रवाळ राखायचे की सागवान, समुद्रकाठ की नदीकाठ, गाठ तीच पडते.

आदिलाबादच्या या भागात लोकांना विचारण्याची एक जागा आयती आहे. पौष अमावास्येच्या आधी मेश्राम कुळातले गोंड जन्नारम मंडलात कलमडुगूजवळच्या हस्तिनामडुगू या गोदावरीच्या डोहातून पाणी आणतात. पायी, अनवाणी, अरण्याच्या वाटांनी ते केसलापूरला नागोबाच्या ठाण्याशी पोहोचतात. कवाल अभयारण्य होण्याच्या पिढ्यान्‌पिढ्या आधीपासूनची ही वाट आहे. जत्रेत दरबार भरतो. तो हायमेनडॉर्फ यांच्या काळात सुरू झाला आणि अजून चालू आहे. जिल्ह्याचे अधिकारी व्यासपीठावर बसतात आणि खाली पटेल अर्ज घेऊन उभे राहतात. त्या अर्जांत दरवर्षी जमीन आणि जंगल असतेच. आदेश क्रमांक ४९ किंवा त्याच्या जागी येणारा पुढचा कागद आधी केसलापूरच्या दरबारात वाचून दाखवावा, गोंडीत आणि कोलामीत, आणि मग मंत्रालयात सही व्हावी, अशी माझी सूचना आहे. यात नवे काही नाही. दरबार त्यासाठीच काढला होता.

शेवटी स्मरणिकेच्या संपादकांना एक विनंती. अशा ग्रंथात क्षेत्र संचालकांची यादी छापण्याची पद्धत आहे, ती छापावी. पण बेस कॅम्पवर महिनोन्‌महिने राहणारे, कॅमेरा ट्रॅपचे कार्ड बदलायला पहाटे निघणारे, वणवा विझवायला झाडाच्या फांद्या घेऊन धावणारे ट्रॅकर आणि वॉचर बहुतेक याच गावांतले गोंड, कोलाम आणि नायकपोड तरुण आहेत, आणि ते रोजंदारीवर आहेत. त्यांची संमती घेऊन त्यांची यादीही छापा. प्रत्येकाच्या नावापुढे गावाचे नाव, बीटचे नाव आणि कामाला लागल्याचे साल घाला.